पुसलेल्या मतदारसंघातला उमेदवार

अमेरिकेहून परतलेला माणूस चारचौघांत नायगारा सांगतो. मी नायगारा पाहिला नाही. जावई तिकिटं काढायला बसले होते, मीच नको म्हटलं. त्याऐवजी मी एक मतदारसंघ पाहून आलो, आणि तोही आता अस्तित्वात नसलेला. साताऱ्यात परतल्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. जित्याची खोड वगैरे कुणीतरी पुटपुटलं.

खोड आहे, नाकारत नाही. नोकरीची बहुतेक वर्षं मी तहसील कचेरीच्या निवडणूक शाखेत काढली आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. आमच्या डोंगरी तालुक्याला स्वतःचा विधानसभा मतदारसंघ होता. पुनर्रचनेत तो गेला. निम्मी गावं एकीकडे, निम्मी दुसरीकडे. ज्या नावाच्या पाट्या मी मतदान केंद्रांवर लावल्या ते नाव राजपत्रातून नाहीसं झालं. माणसं तीच, डोंगर तेच, पण आमदार तेव्हापासून कायम खालच्या मोठ्या गावाचा. याचं दुःख करणारा माणूस मला कचेरीत कुणी भेटला नाही, म्हणून मी एकट्यानेच केलं.

शुक्रवार, श्रूजबरी

माझी मुलगी मुग्धा बोस्टनच्या पश्चिमेला श्रूजबरी नावाच्या गावात राहते. कॉम्प्युटरवाली आपली मंडळी इथे इतकी आहेत, की दुकानात कोथिंबीर निवडताना मराठी कानावर पडतं. गाव देखणं, पण मुग्धाच्या घरासमोरच्या रस्त्याला फुटपाथ नाही. संध्याकाळी व्हिसावर आलेले सगळे आईबाप फिरायला निघतात. साडीवर जॅकेट, पायात जावयाचे जुने बूट, आणि बाजूने ट्रक. गेल्या खेपेला असाच एक ट्रक चुकवताना मी रस्त्याकडेच्या चरात पडलो. गुडघा सोलवटला, पण तो बरा झाला. मुग्धाचा राग काही बरा झाला नाही.

तिने चौकशी केली, तेव्हा कळलं की गावचा पैसा कुठे खर्च करायचा हे टाउन मीटिंग ठरवते, आणि प्रत्येक प्रभागातून त्या सभेचे अनेक सभासद निवडून जातात. मुग्धा आता तिथली नागरिक आहे. तिने अर्ज भरला. आम्ही पोचलो, तेव्हा मतदान येत्या मंगळवारी होतं, आणि उमेदवार घरात बसून ऑफिसचं काम करत होती.

"प्रचार?" मी विचारलं.

"बाबा, लोकांच्या दारात जाऊन 'मला मत द्या' कसं म्हणायचं? फार ऑकवर्ड वाटतं. फेसबुकवर एक पोस्ट टाकलीय."

मी आयुष्यभर तटस्थ राहिलेला माणूस. उमेदवाराला सल्ला देणं माझ्या रक्तात नाही. पण त्या रात्री जेवायला शेजारचे डॉक्टर नाईकवाडे आले होते, त्यांनी हे ऐकलं. डॉक्टर मूळचे अकोल्याचे, ऐन तारुण्यात इथे आलेले, आता ऐंशीच्या आसपास. पत्नी कुसुम वारल्यापासून एकटे राहतात, आणि शुक्रवारी मुग्धाकडे जेवतात. माझी पत्नी सुनंदा वरणभातावर तूप वाढायला गेली, तेव्हा त्यांनी ताटावर हात आडवा धरला.

"नको वहिनी. तूप सुटलं."

"कोलेस्टेरॉल?" मी विचारलं.

"तसंच काहीसं," ते म्हणाले आणि मुग्धाकडे वळले. "उद्या सकाळी लवकर निघू. तुला माझा मतदारसंघ दाखवतो. रावसाहेब, तुम्हीही चला. तुमच्या खात्याचं काम आहे."

तहसीलवाल्याला रावसाहेब म्हणायची पद्धत इतक्या वर्षांनंतरही त्यांच्या लक्षात होती. तेवढ्यावर मी त्यांना कुठेही येईन म्हणालो.

शनिवार, वरचं गाव

गावाचं नाव सांगत नाही. मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिमेला डोंगर आहेत, त्यांत पाच-सात लहान गावं आहेत, त्यांतलं एक, एवढं पुरे. डॉक्टर तरुणपणी तिथे एकमेव डॉक्टर होते. बाळंतपणापासून बैलाने मारलेल्या माणसापर्यंत सगळं त्यांनीच पाहायचं. त्या सगळ्या गावांचा मिळून, राज्याच्या विधानसभेत एक प्रतिनिधी पाठवणारा मतदारसंघ होता. एका वर्षी डॉक्टर तिथून उभे राहिले, आणि पडले. एवढं त्यांनी गाडीत सांगितलं. का पडले हे विचारल्यावर म्हणाले, "तिथे पोचल्यावर."

पोचणं सोपं नव्हतं. इथे हिवाळा आणि वसंत यांच्यामध्ये चिखलाचा एक वेगळा ऋतू असतो, आणि यंदा तो लांबला होता. डांबरी रस्ता संपला, मातीचा सुरू झाला, आणि एका चढावर गाडी तळापर्यंत रुतली. डॉक्टरांनी खाली उतरून चाक पाहिलं आणि काळजीच्या स्वरात म्हणाले, "आपण ढकलू."

ढकलली. माझे नवे बूट गेले. बेडूक चहूकडून ओरडत होते, आणि ते आम्हालाच हसत असावेत असं वाटत होतं. टेकाडावर एक घर दिसत होतं, धुराड्यातून धूर निघत होता.

"काका, ते घर कोणाचं?" मुग्धाने विचारलं.

"वॉल्टरचं. त्याच्याकडेच तर चाललोय."

"मग फोन करा की. ट्रॅक्टर असेल त्यांच्याकडे."

"आहे. पण शनिवारचं त्याला कशाला त्रास द्यायचा? आणखी एकदा ढकलून पाहू."

मुग्धाने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. ती चिखल तुडवत टेकाडावर गेली, आणि थोड्याच वेळात ट्रॅक्टरवर एका उंच म्हाताऱ्याच्या शेजारी बसून परत आली. म्हातारा खाली उतरला. त्याने आधी डॉक्टरांना मिठी मारली, मग त्यांना झापायला सुरुवात केली. या रस्त्याने तू हजारदा आलायस, हा चढ तुला माहीत आहे, माझा नंबर तुला माहीत आहे, मग काय संध्याकाळपर्यंत ढकलणार होतास? त्याचं बोलणं मी इथे मराठीत देतोय. इंग्रजीत ते जास्त झोंबत होतं.

हा वॉल्टर म्हणजे डॉक्टरांना पाडणारा माणूस.

दुपारी त्याने आम्हाला टाउन हॉल उघडून दाखवला. किल्ली त्याच्याकडेच असते. पांढरं लाकडी घर, आत बाकं, कोपऱ्यात शेगडी. टेबलावर एक लाकडी पेटी होती, तिला बाजूला दांडा. मतपत्रिका फटीत सरकवायची, कारकुनाने दांडा फिरवायचा, पत्रिका आत जाते, आकडा एकाने पुढे सरकतो आणि घंटी वाजते. वॉल्टरने एक कोरा कागद माझ्या हातात दिला. मी तो सरकवला, त्याने दांडा फिरवला. टिंग. मी पत्र्याच्या मतपेट्यांना लाखेचं सील लावलेला माणूस आहे, मग यंत्रांची पीं पीं ऐकलेला. पण मत पडलं हे सगळ्या गावाला ऐकू जावं आणि कुणाला पडलं ते कुणालाही कळू नये, हे त्या घंटीइतकं छान मी कुठे पाहिलं नाही. मी आणखी एक कागद मागितला. मुग्धा म्हणाली, बाबा, पुरे.

"ओळखपत्र कोणतं चालतं?" मी वॉल्टरला विचारलं.

"गल्ली सांगायची आणि नाव सांगायचं."

"आणि शाई?"

"कसली शाई?"

मी त्याला बोटाची शाई समजावून सांगितली. त्याने ती फार गंभीरपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, "इथे दुसऱ्यांदा मत द्यायला आला तर त्याची मावशीच त्याला बाहेर काढेल."

भिंतीवर तसबिरी होत्या, त्या मतदारसंघातून निवडून गेलेल्या लोकांच्या. दाढीवाले शेतकरी, एक खानावळवाला, एक लोहार, पुढे एक शाळामास्तरीण. वॉल्टरने सांगितलं की पूर्वी या गावांची आपसात पाळी असे. यंदा प्रतिनिधी या गावचा, पुढच्या खेपेला त्या गावचा. कुठे लिहिलेलं नव्हतं, पण मोडत कुणी नसे. मला आमच्याकडचे अडीच-अडीच वर्षं सरपंचपद वाटून घेणारे गट आठवले. फरक इतकाच, की आमच्याकडे पहिला अडीच वर्षं झाल्यावर उठतच नाही. शेवटची तसबीर वॉल्टरची होती. तो निवडून आल्यानंतर काही वर्षांनी बोस्टनमध्ये, म्हणजे राज्याच्या राजधानीत, मतदारसंघांचे नकाशे नव्याने आखले. ही गावं खालच्या शहराला जोडली गेली, आणि त्यानंतर डोंगरातून एकही माणूस विधानसभेत गेला नाही. वॉल्टरच्या तसबिरीशेजारी भिंत मोकळी होती, आणि तिच्यात एक खिळा होता.

"हा काढायचा राहिला का?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "ठेवलाय."

इतक्या दूर, चिखलाने भरलेल्या बुटांत, मला माझ्यासारखं दुःख करणारा माणूस भेटला होता, आणि त्याने तर दुःखाशेजारी खिळाही ठोकून ठेवला होता.

जेवायला घेवड्याच्या गोडसर उसळीसारखा एक प्रकार होता आणि नेच्याचे कोवळे, गुंडाळलेले कोंब, उकडून लोण्यात परतलेले. ओढ्याकाठी आपोआप उगवतात. चव आमच्या कुर्डूच्या भाजीजवळ जाते. मुग्धाने धपाटे नेले होते. वॉल्टरने धपाट्यावर मेपलच्या झाडाचा पाक ओतला. हा अत्याचार मी डोळे मिटून सहन केला, मग करून पाहिला, आणि सांगायला लाज वाटते, पण दोन खाल्ले.

रविवार, वॉल्टरचं स्वयंपाकघर

रात्री आम्ही वॉल्टरकडेच राहिलो. सकाळी तो जाड घावन भाजत होता. मुग्धाने विषय काढला.

"मी स्वतःला मत द्यायचं का, हेच मला कळत नाहीये. बॅलटवर स्वतःच्या नावापुढे खूण करायची म्हणजे अगदीच… आपणच आपली आरती ओवाळल्यासारखं."

डॉक्टरांनी चहाचा कप खाली ठेवला. "मीही नव्हतं दिलं," ते म्हणाले. इंग्रजीत म्हणाले, म्हणजे वॉल्टरलाही कळावं.

मग त्यांनी सांगितलं. त्या वर्षी पाळी याच गावाची होती, म्हणून दोन्ही पक्षांचे उमेदवार याच गावचे होते. पक्ष कोणते ते सांगत नाही, माझी सवय आहे. डॉक्टरांना निवडून यायचं होतं, मनापासून. खालच्या शहरातलं इस्पितळ हिवाळ्यात लांब पडत होतं, आणि या गावांना कायमचा दवाखाना हवा असं त्यांना बोस्टनमध्ये जाऊन सांगायचं होतं. पण ते कुणाच्याही दारात मत मागायला गेले नाहीत. घरोघरी त्यांचेच पेशंट होते. ज्याचं पोर आपण वाचवलं त्याच्याकडे मत मागायचं म्हणजे उपकाराची वसुली, असं त्यांना वाटलं. मतदानाच्या दिवशी ते पडद्याआड गेले आणि त्यांना नागपूरच्या कॉलेजातली जिमखान्याची निवडणूक आठवली. तिथे सभ्य मुलगा आपलं मत समोरच्याला द्यायचा. त्यांनी वॉल्टरच्या नावापुढे खूण केली. घंटी वाजली.

वॉल्टर एका मताने निवडून आला. मतं पुन्हा मोजली, तरी एकच.

घावन तव्यावर करपत होतं. वॉल्टरने ते उलटलं नाही. इतकी वर्षं त्यांची मैत्री, आणि ही गोष्ट त्याला आज कळत होती.

"म्हणजे ते तुझं मत होतं," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"मी मला दिलं होतं."

"द्यायलाच हवं होतं."

"नाही, ऐक." वॉल्टरने तवा बाजूला केला. "मी महिनाभर दारोदार सांगत होतो की हे काम मला जमेल, मला पाठवा. आत जाऊन मी दुसऱ्याला मत दिलं असतं, तर बाहेर बोललेलं सगळं खोटं झालं असतं. तुझं नाव छापलेलं होतं. तुझ्यावर विश्वास ठेवून माझ्याच बायकोने तुला मत दिलं, तिने मला तोंडावर सांगितलं होतं. आणि तू आत जाऊन सांगितलंस, ती चुकतेय."

वॉल्टरचा आवाज खाली आला.

"नकाशे बदलायची सुनावणी होती, तेव्हा मी बोस्टनला बोलायला उभा राहिलो. तीन वाक्यं बोललो आणि बसलो. मला गाई कळतात. तुला बोलता येत होतं. मला फार वेळा वाटलं, तो जिंकला असता तर बरं झालं असतं."

मग तो उठला आणि त्याने डॉक्टरांच्या ताटात नवीन घावन वाढलं. करपलेलं स्वतः घेतलं. निघताना त्याने मुग्धाला विचारलं, तुझ्या गावात किती घरं झाली? एकही नाही, अशी तिने मान हलवली. तो म्हणाला, मग इथे काय करतेयस?

परतताना मुग्धा गाडी चालवत होती. डॉक्टर मागे माझ्याशेजारी बसले होते. डोंगर उतरून हमरस्ता लागला, तेव्हा ते हळूच म्हणाले, "रावसाहेब, तुपाचं कोलेस्टेरॉल नाही हो."

मी त्यांच्याकडे वळलो.

"निकाल लागला त्या दिवशी कुसुमला मी सांगितलं, मत कुणाला दिलं ते. ती काहीच बोलली नाही. संध्याकाळी वरणभात वाढला, तूप वाढलं नाही. मला वाटलं, राग आहे, उतरेल. मी मागितलं नाही. मग ते तसंच राहिलं. शेवटच्या आजारात एकदा म्हणाली, 'तूप डब्यात होतंच हो. एकदा मागायचं होतंत.' ती वाट पाहत होती, रावसाहेब. मला वाटत होतं, ती शिक्षा देतेय."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. दुसरं काय करणार?

गाडी श्रूजबरीत शिरली. मुग्धाने ती घराकडे न नेता कोपऱ्यावरच थांबवली, आरशात केस सारखे केले, आणि पहिल्या दाराची घंटी वाजवली. दार एका गोऱ्या आजीबाईंनी उघडलं. मुग्धा सुरुवातीला अडखळली, मग रस्त्याकडे हात करून माझ्या गुडघ्याची गोष्ट सांगू लागली. आजीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नकळत किंचित लंगडलो. तटस्थतेचा एवढाच भंग माझ्या हातून झाला. डॉक्टर रस्त्यातच उभे राहून बघत होते. "मागतेय," ते म्हणाले. "बघा, खुशाल मागतेय." ती रविवारी अंधार पडेपर्यंत फिरली आणि सोमवारी ऑफिस सुटल्यावर पुन्हा.

मंगळवार, मतदान

मतदान केंद्राच्या दारातच शाळेच्या पालकांनी टेबल मांडून केक विकायला ठेवले होते. मी मुग्धाला सांगितलं, हे प्रलोभन आहे, आचारसंहितेत बसत नाही, अधिकारी कोण आहे बघ. अधिकारी बाई तिथेच केक खात होत्या. मुग्धाने मला एक घेऊन दिला. लिंबाचा होता, चांगला होता.

मी बाहेरच थांबलो. मतदाराने मत कुणाला दिलं हे विचारायचं नाही, हा नियम मी जन्मभर पाळला आहे, आणि पोटच्या पोरीलाही अपवाद केला नसता. ती बाहेर आली, माझ्याजवळ आली.

"बाबा, विचारू नका. सांगते. माझ्या नावापुढे पहिली खूण मी केली."

निकाल आधीच सांगून टाकतो. ती निवडून आली, निवडून आलेल्यांत शेवटून दुसरी. फुटपाथ अजून व्हायचा आहे. विषय सभेपुढे यायचा, त्यावर बोलणी व्हायची, कुणीतरी खर्च फार होतो म्हणायचं. सभा कुठलीही असो, हे ठरलेलंच. पण आता तिथे उभं राहून बोलणारं माणूस आहे, आणि वॉल्टरला तिने फोन केला, तेव्हा तो म्हणाला की भिंतीवर खिळा अजून आहे, इकडे राहायला ये.

मला सांगायचं आहे ते मात्र मंगळवार दुपारचं. निकाल लागायचा होता. मुग्धाने सुट्टी घेतली होती, म्हणून डॉक्टरांनाही जेवायला बोलावलं. सुनंदाने वरणभात केला होता. तिला तुपाची गोष्ट मी सांगितली नव्हती. ती माझ्या ताटात तूप वाढून, मुग्धाला वाढून, डॉक्टरांना ओलांडून पुढे गेली, कारण ते घेत नाहीत हे तिला शुक्रवारी कळलं होतं.

डॉक्टरांनी भात कालवला. घास उचलला आणि परत ठेवला. मग ताट थोडं पुढे सरकवलं.

"वहिनी," ते म्हणाले, "मला तूप वाढता का?"

सुनंदा गोंधळली, पण तिने वाढलं. ते ताटाकडे बघत राहिले, मग जेवले, सावकाश, बोटं चाटून. मुग्धा ताटात मान घालून बसली होती. डॉक्टरांनी दुसऱ्यांदा भात घेतला, आणि दुसऱ्यांदा मागितलं.